संस्कार ‘देता’ येतात का?

मुलांवर संस्कार करायचे की मुलांना संस्कार द्यायचे, हा वाद मराठीत आता नेमाने होतो. कुणा तरुणाने भरधाव गाडीखाली माणसे चिरडली, कुणा विद्यार्थ्याने शिक्षकांवर हात उगारला, की ‘आईबापांनी काही संस्कार दिलेत की नाही?’ असा प्रश्न उमटतो. त्यापाठोपाठ भाषेचे जाणकार पुढे येतात आणि ‘दिलेत नव्हे, केलेत’ अशी दुरुस्ती सुचवतात. मग मूळ घटना बाजूला राहते आणि क्रियापदावर खणाखणी सुरू होते. एक पक्ष म्हणतो, ‘संस्कार देणे’ ही हिंदीची उसनवारी आहे, ती हद्दपार करा. दुसरा म्हणतो, भाषा वाहती असते, लोक बोलतात तेच बरोबर. माझ्या मते दोन्ही पक्ष भलत्याच मैदानात लढत आहेत. ‘संस्कार करणे’ हाच प्रयोग मला योग्य वाटतो, आणि ‘संस्कार होणे’ त्याहूनही खरा वाटतो. पण त्याचे कारण भाषेच्या सोवळेपणात नाही. ‘देणे’ हे क्रियापद मूल्यांची मालमत्ता करून टाकते, देणाऱ्याला जबाबदारीतून मोकळे करते आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर आयुष्यभराचे ऋण ठेवते. हा प्रश्न व्याकरणापेक्षा नीतीचा अधिक आहे.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते आधी मान्य करायला हवे. ‘संस्कार दिले’ म्हटल्यावर कुणाचाही अर्थाचा गोंधळ होत नाही. लाखो माणसे हा प्रयोग करतात, त्यात उत्तम शिक्षक आहेत, प्रेमळ आईवडील आहेत. त्यांना ‘अशुद्ध’ म्हणून हिणवणे हा भाषेचा अभिमान नव्हे, ती भाषेच्या आडून केलेली दटावणी आहे. आणि ‘संस्कार’ या शब्दाच्या बाबतीत तर अशी दटावणी अधिकच बोचते, कारण ज्या समाजांना शतकानुशतके संस्कारांचा अधिकार नाकारला, त्यांच्याच बोलीला पुढे अशुद्ध ठरवले गेले. शिवाय परभाषेतून आला म्हणून प्रयोग टाकायचा, तर फारसीतून आलेले निम्मे दप्तर आपल्याला रिकामे करावे लागेल. तेव्हा ‘हिंदीतून आले’ हा आक्षेप मी सोडूनच देतो. प्रयोग कुठून आला यापेक्षा तो आपल्याकडून काय करवून घेतो, हे पाहिले पाहिजे.

दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. आपण शिकवण देतो, शिक्षण देतो, धडे देतो, विद्यादान तर जुन्यातला जुना शब्द. मग संस्कारांनीच काय घोडे मारले? इथे ‘देणे’ या क्रियेकडे नीट पाहावे लागते. दानाची शास्त्रीय व्याख्या मोठी नेमकी आहे: आपले स्वामित्व संपवून दुसऱ्याचे स्वामित्व निर्माण करणे म्हणजे दान. संस्कृत वैयाकरण याचे एक छान उदाहरण देतात. ब्राह्मणाला गाय दिली तर तिथे चतुर्थी येते, पण परटाला कपडे दिले तर ‘रजकस्य वस्त्रं ददाति’, म्हणजे षष्ठी येते. कारण कपडे त्याच्या मालकीचे होत नाहीत, ते धुऊन परत यायचे असतात. खऱ्या देण्यात वस्तू हात बदलते. शिकवण या अर्थाने देता येते, कारण ती शब्दांत मावते. दिलेली शिकवण कुणी घेतो, कुणी ऐकून सोडून देतो; ‘शिकवण दिली, त्याने घेतली नाही’ हे वाक्य सरळ आहे. संस्कार शब्दांत मावत नाही. तो ज्याच्यावर झाला त्याच्यात बदल घडला, एवढाच त्याचा पुरावा असतो. बदल घडला नसेल तर संस्कार झालाच नाही; तो ‘देऊन झाला’ असे कोणत्या अर्थाने म्हणायचे?

आणि नेमके हेच आपण म्हणतो. मुलगा लाच घेताना सापडला, सुनेला छळल्याच्या गुन्ह्यात अडकला, की घरचे म्हणतात, ‘आम्ही तर चांगलेच संस्कार दिले होते.’ हे वाक्य सहज उच्चारता येते ते ‘देणे’मुळे. माल आमच्याकडून नीट रवाना झाला, पुढे काय झाले ते घेणाऱ्याने पाहावे, असा त्याचा सूर आहे. त्याच जागी ‘आम्ही त्याच्यावर चांगले संस्कार केले होते’ असे म्हणून पाहा. वाक्य जिभेवर अडखळते, कारण समोरचा लगेच विचारील, मग ते झाले का नाहीत? करणाऱ्याला आपल्या कृतीचा परिणाम तपासावा लागतो. दुसऱ्या टोकाला, मुलीने आपल्या मर्जीने लग्न ठरवले किंवा मुलाने घरचा धंदा नाकारला, की ऐकू येते: ‘एवढे संस्कार दिले, त्याचे हेच पांग फेडलेस?’ दिलेल्या वस्तूची परतफेड मागता येते. अपयशात अंग काढून घ्यायचे आणि मतभेदात वसुली करायची, अशी दुहेरी सोय एकाच क्रियापदाने करून ठेवली आहे.

‘देणे’ची बाजू घेणाऱ्यांचा एक युक्तिवाद मात्र मला फार विचारात पाडतो. ते म्हणतात, विभक्ती पाहा. संस्कार ‘मुलावर’ केले जातात आणि ‘मुलाला’ दिले जातात. ‘वर’ म्हटले की मूल म्हणजे एखादा धातूचा गोळा, कच्चा माल. ‘ला’ म्हटले की निदान ते समोर उभे असलेले माणूस होते, घेऊ शकणारे आणि नाकारू शकणारे. हा आक्षेप खोटा नाही. शब्दाचा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. आयुर्वेदात द्रव्यावर संस्कार होतात, रसशास्त्रात पाऱ्यावर अठरा संस्कार सांगितले आहेत. यज्ञात धान्यावर संस्कार होतात; यज्ञविधींचा अर्थ लावणारे मीमांसक शबरस्वामी यांच्या मते, जो झाल्याने एखादा पदार्थ एखाद्या कामासाठी योग्य ठरतो तो संस्कार. ‘कामासाठी योग्य’ या शब्दांनी अंगावर काटा यावा. कुणाच्या कामासाठी? मूल घराच्या, जातीच्या, राष्ट्राच्या कामाला योग्य व्हावे म्हणून त्याच्यावर प्रक्रिया करायची असेल, तर ‘करणे’ हेही निष्पाप क्रियापद नाही, हे कबूल केले पाहिजे.

पण त्याच परंपरेत उत्तरही आहे. आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात ‘संस्कारो हि गुणान्तराधानमुच्यते’ असे म्हटले आहे: द्रव्यात वेगळा गुण येणे म्हणजे संस्कार. तो कशाकशाने येतो याची यादी पुढेच आहे. पाणी, अग्नी, शुद्धी, मंथन, देश, काल, आणि शेवटी भांडेसुद्धा. या यादीत वैद्याचा हात हा एकटा कर्ता नाही. द्रव्य कोणत्या भांड्यात आणि किती काळ राहिले यालाही तेवढेच महत्त्व आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, तर आणखी पुढे जातात. ते संस्काराचे तीन प्रकार मानतात: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. मनाशी संबंध असलेला प्रकार म्हणजे भावना, आणि तिची व्याख्या आहे ‘अनुभवजन्या स्मृतिहेतुः’, अनुभवातून जन्मणारी आणि स्मरणाला कारण होणारी. अनुभव दुसऱ्याला देता येत नाही, तो ज्याचा त्यालाच येतो. तिसरा प्रकार, स्थितिस्थापक, शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. ओढून वाकवलेली फांदी हात सुटताच मूळ जागी जाते, तो गुण म्हणजे स्थितिस्थापक. धाकाने वाकवलेल्या मुलांचे वसतिगृहात गेल्यावर काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

मराठीने तर हे सगळे आपल्या धातूंमध्येच साठवून ठेवले आहे. मूल्यांबद्दल बोलताना आपण जी क्रियापदे वापरतो ती आठवा: बाणवणे, रुजवणे, बिंबवणे, ठसवणे, भिनवणे, मुरवणे. ही सगळी प्रयोजक रूपे आहेत. मुळात आहेत बाणणे, रुजणे, बिंबणे, ठसणे, भिनणे, मुरणे. म्हणजे खरी क्रिया अकर्मक आहे आणि ती मुलाच्या आत घडते. प्रामाणिकपणा अंगी बाणतो, भीड मुरते, द्वेष भिनतो. आईबाप, शिक्षक, शेजार, राज्यसंस्था हे प्रयोजक, घडणाऱ्या गोष्टीला निमित्त देणारे. ‘संस्कार करणे’ आणि ‘संस्कार होणे’ हे याच कुळातले जोडपे आहे, एकाला दुसऱ्याचा आधार लागतो. ‘देणे’ला असा जोडीदार नाही. ‘संस्कार मिळाले’ म्हणता येते, पण मिळालेली वस्तू ट्रंकेत ठेवता येते. तिने आपल्याला बदलले पाहिजे असे बंधन नसते.

मालमत्तेचा मुद्दा मी वारंवार का काढतो आहे, ते सांगतो. संस्कार ही कुणाच्या तरी मालकीची चीज आहे, ही समजूत आपल्या समाजाने फार मोठी किंमत देऊन जोपासली आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राबद्दल ‘न च संस्कारमर्हति’ असे स्पष्ट म्हटले आहे, तो संस्काराला पात्र नाही. स्त्रियांचा वैदिक संस्कार म्हणजे विवाह, असे दुसऱ्या अध्यायात सांगून त्यांची वाट लग्नमंडपापर्यंतच ठेवली आहे. या हिशेबाचे टोक पाहायचे तर १६७४ चा रायगड आठवावा. स्वराज्य उभे केलेल्या, शत्रूच्या स्त्रियांचाही मान राखणाऱ्या राजाची वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, राज्याभिषेकाआधी, मुंज करावी लागली. तोपर्यंत शिवाजी महाराज असंस्कृत होते का? पुढे १८९९ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेच्या स्नानाच्या वेळी राजर्षी शाहूंसाठी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठी ठरवलेले पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे उघड झाले, आणि वेदोक्ताचा वाद पेटून वर्षानुवर्षे चालला. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्याला ‘तुम्हाला वेदोक्त संस्कार देता येणार नाहीत’ असे बजावण्याची हिंमत येते कुठून? संस्कार ही आमच्या तिजोरीतली वस्तू आहे आणि ती कुणाला द्यायची ते आम्ही ठरवू, या खात्रीतून.

कुणी म्हणेल, तो विधींचा अर्थ झाला, आज आपण मूल्यांविषयी बोलतो आहोत. दोन अर्थांची सरमिसळ कशाला? ही सरमिसळ माझी नाही आणि ती नवीही नाही. गौतम धर्मसूत्राने चाळीस संस्कार मोजले, आणि त्यांच्या शेजारी आठ आत्मगुण ठेवले: सर्व प्राण्यांविषयी दया, क्षमा, मत्सर नसणे, शुचिता, अनायास (स्वतःला फार शिणवून न घेणे), मांगल्य, कृपणपणा नसणे आणि निर्लोभता. मग सूत्रकार म्हणतो, ज्याचे चाळीसही संस्कार झाले पण ज्याच्याकडे हे आठ गुण नाहीत, त्याला ब्रह्माचे सायुज्य, म्हणजे एकरूपता, मिळत नाही. आणि ज्याच्या वाट्याला त्या चाळिसांतला थोडासाच भाग आला पण हे आठ गुण आहेत, त्याला ते मिळते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कर्मकांडी ग्रंथालासुद्धा हे कळले होते की विधी ‘देऊन’ गुण येत नाहीत. भारतरत्न पां. वा. काणे यांच्यासारख्या विद्वानांनी हे सगळे साधार मांडून ठेवले आहे. ज्यांना परंपरेचा अभिमान आहे त्यांनी परंपरेचा हा भाग मोठ्याने वाचायला हवा.

तो वाचला जात नाही, म्हणूनच जुनी मालकी नव्या कपड्यांत परत येते. २००२ च्या गुजरातेतील हिंसाचारात सामूहिक बलात्कार आणि खून केल्याबद्दल मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये ज्यांना जन्मठेप दिली, त्या अकरा जणांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी मुदतीआधी सोडण्यात आले. त्यांच्या सुटकेची शिफारस करणाऱ्या समितीतले गोध्र्याचे आमदार तेव्हा म्हणाले की हे ब्राह्मण आहेत आणि ब्राह्मणांचे संस्कार चांगले असतात. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ ला ती सुटका रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला असल्याने निर्णयाचा अधिकारच गुजरात सरकारला नव्हता, असे न्यायालयाने सांगितले. सुटका रद्द झाली, पण त्या वाक्याचे काय? न्यायालयाने सिद्ध धरलेल्या गुन्ह्यापेक्षा जन्माने आलेले ‘संस्कार’ जास्त विश्वासार्ह ठरतात, ते कधी? संस्कार वतनासारखे पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होतात असे मानले, तरच. ज्याच्यावर संस्कार झाले त्याच्या हातून अशी कृत्ये होत नाहीत, आणि झाली असतील तर संस्कार झालेच नव्हते. यापलीकडे तिसरा पर्याय उरत नाही.

एवढ्या टोकाला न जाताही हे घरोघर चालते. वधूवरांच्या जाहिरातीत ‘संस्कारी घराणे’ म्हणजे काय, हे आपल्याला न सांगता समजते. त्यात पोटजात असते, सामिष-निरामिष असते, सून किती बोलेल याचा अंदाज असतो. ‘माहेरी हेच संस्कार दिले का?’ हा प्रश्न जावयाला कुणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. मुलीच्या बाबतीत संस्कार म्हणजे पदर, वेळेत घरी येणे आणि उलट उत्तर न देणे. त्या यादीत धैर्य नसते, सत्य नसते. छळ सोसणाऱ्या मैत्रिणीच्या बाजूने पोलीस ठाण्यात जाणारी मुलगी आपल्याला संस्कारी वाटत नाही. मूल्यांची वस्तू झाली की ती आधी निवडली जाते, मग सोयीप्रमाणे वाटली जाते.

सरकारी पातळीवरही हेच दिसते. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये मूल्याधिष्ठित शिक्षणाचा आग्रह धरताना सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये सांगितली. महाराष्ट्राच्या मूल्यशिक्षणात दहा मूल्ये आहेत, श्रमप्रतिष्ठा आणि वक्तशीरपणापासून स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता आणि वैज्ञानिक दृष्टिकोनापर्यंत. एकाही मूल्याशी माझे भांडण नाही, आणि परिपाठ मनापासून घेणारे शिक्षक मला ठाऊक आहेत. पण दहा मूल्ये फलकावर, बोधकथा परिपाठात आणि नोंद वहीत, ही सारी मांडणी वाटपाची आहे. वाटप पूर्ण झाले की काम संपले.

याच्या शेजारी कर्मवीर भाऊराव पाटलांचे साताऱ्यातले वसतिगृह ठेवून पाहा. १९२४ मध्ये सुरू झालेल्या त्या बोर्डिंगात वेगवेगळ्या जातींची मुले, तेव्हा अस्पृश्य मानलेलीही, एकत्र राहत, स्वतःची कामे स्वतः करत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्यांनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. मुलांच्या जेवणाचे वांधे झाले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या मुलांना समतेचा तास नव्हता. रोज शेजारच्या पानावर कोण बसते हाच तास होता, आणि तो भूक लागल्यावर भरत असे. चरकाच्या भाषेत सांगायचे तर भाऊरावांनी भांडे बदलले. तिथून बाहेर पडलेल्या मुलांवर समतेचा संस्कार झाला, आणि तो करणाऱ्यांनी ‘आम्ही दिला’ म्हणून त्याची पावती मागितली नाही. गाडगेबाबांचेही तेच. आधी हातातल्या खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो रागाने घेतला जातो. संस्कार ‘होतात’ म्हटले की आईबापांनी हातावर हात ठेवून बसायचे का? अजिबात नाही. जे सरळ लावता येते, घालता येते, त्यासाठी आपल्याकडे चोख शब्द आहेत. सवय लावता येते, वळण लावता येते, शिस्त लावता येते, नियम घालून देता येतो, शिकवण देता येते. बाहेरून आल्यावर हात धुवावेत, दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घेऊ नये, रांग मोडू नये, हे निःसंकोच सांगावे, पुनःपुन्हा सांगावे, आणि त्याला वळण म्हणावे. त्यात कमीपणा नाही. यातून पुढे संस्कार होईल की नाही, हे मात्र मूल आपल्या बाकीच्या वागण्यात काय पाहते त्यावर ठरेल: आपण घरकामाला येणाऱ्या बाईंना कोणत्या कपात चहा देतो, सिग्नलला पोलीस नसताना थांबतो का, मालमत्तेच्या वाटणीत बहिणीच्या सहीसाठी कसा लकडा लावतो. शाळेतही परिपाठाला श्रमप्रतिष्ठेची गोष्ट सांगितली जाते आणि पाचच मिनिटांनी वर्ग झाडणाऱ्या वयस्कर मावशींना सगळ्यांसमक्ष अरे-तुरे केले जाते. या दोन्ही गोष्टी मूल त्याच कानांनी ऐकते. त्या दिवशी त्याला काय ‘दिले’ ते मूल्यशिक्षणाच्या नोंदवहीत लिहिलेले असते. त्याच्यावर काय झाले, हे कळायला त्या वहीत रकाना नाही, आणि मुख्याध्यापकांनी व अधिकाऱ्यांनी तपासायला हवे ते हेच: मावशींशी शाळा कशी बोलते, मुलींना खेळाचे मैदान किती वेळ मिळते, आणि शिक्षकाला चूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याचे पुढे काय होते.